खिशातलं यंत्र

डॉक्टरांनी संमतीपत्र बायकोच्या खाटेशी बसलेल्या आप्पांपुढे सरकवलं. “पाच मिनिटांत सांगा. आजींचं ऑपरेशन धोक्याचं, पण थांबणं त्याहून धोक्याचं.” कारखान्यातल्या बॉयलरने आप्पांचे कान कधीच खाल्ले होते. नेहमीप्रमाणे त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि डोळे मिटले. घर, नोकरी, लेकीचं लग्न, सगळं त्यांनी असंच ठरवलं होतं. बाहेरचा गोंगाट बंद झाला की आतून देव बोलायचा. आज मात्र आत नुसतीच धडधड होती. मग हळूहळू छातीत शांत वाटलं आणि उत्तर आलं: नको. त्यांनी पेन ठेवून डोळे उघडले. खाटेवरून बायको त्यांच्याकडेच बघत होती. तिचे ओठ हलत होते. त्यांनी घाईघाईने यंत्र कानात बसवलं. “अहो, चौथ्यांदा सांगतेय,” ती धापा टाकत म्हणाली, “मला जगायचंय. लेकीच्या लग्नाच्या वेळीही मी बोलतच होते.”