सहावी शिफारस

"पाच झाल्या," लेक हळूच म्हणाली. "सहावी सांगा, बाबा. हा उठायच्या आत."

तान्हा तिच्या खांद्यावर झोपला होता आणि ती एका हाताने टाइप करत होती. बाबा आरामखुर्चीत डोळे मिटून सांगत होते. घराच्या मागच्या खोलीतच त्यांची जॅझची कंपनी होती. छोटीशी, स्वतःची, कुणाची मिंधी नसलेली. चाळीस वर्षांत अडतीस रेकॉर्ड्स. आता एका मोठ्या दुकानाने त्यांतल्या सहांची शिफारस मागवली होती, प्रत्येकीबद्दल दोन ओळी. त्या सहा ते नव्याने छापणार होते. बाकीच्यांचे छपाईचे साचे कारखाना महिनाअखेर मोडीत काढणार होता.

आई जमिनीवर बसून खोक्यांना चिकटपट्टी लावत होती.

"आईची घेऊ या ना," लेक म्हणाली.

चिकटपट्टीची चरचर थांबली.

"ती राहू दे." बाबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "दुसऱ्या बाजूची शेवटची धून. तिचा सॅक्सोफोन वर चढतो आणि ऐन मोक्याला दम तुटतो. दुकानदारांनाही मी तेच सांगत आलो. दुसरी कुठलीही घ्या, ती राहू द्या. बायकोची म्हणून पुढे रेटली, असं कुणी म्हणायला नको."

"आठवा महिना होता तिला. मी होते पोटात!"

"ऐकणाऱ्याला महिना ऐकू येत नाही गं."

लेकीची कानशिलं तापली. पण खांद्यावर बाळ. ओरडायचं तेही कुजबुजून.

"मग तारीख कुणी ठरवली होती? दोन महिने थांबला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"स्टुडिओ मिळत नव्हता."

"पियानोवाल्याची दाढ दुखली तेव्हा बरा मिळाला," आई म्हणाली. तीही कुजबुजूनच. "तीन आठवडे थांबलात. सूज उतरली का, म्हणून रोज फोन. दोन नंबरला घातलीत ना त्याची? काय ते, 'घरात आपलं माणूस आल्यासारखा पियानो'. आला होता खरा, गाल धरून."

"आता ते उकरून काय मिळणार?" बाबांनी डोळे उघडले. "कान विकून कंपनी चालवली नाही मी. आजही चालवणार नाही."

लेकीने सहाचा आकडा टाकला, पुढे आईच्या रेकॉर्डचं नाव टाकलं आणि एका बोटाने दाणदाण लिहायला घेतलं. 'आठव्या महिन्यात असूनही…'

आई गुडघ्यावर हात टेकून उठली. लेकीच्या मागे येऊन वाचू लागली.

"खोड ते."

"अगं, पण…"

"खोड म्हणते ना! आठवा नको, नववा नको. सवलत मागितलीय का मी कुणाकडे? काय वाजलंय ते लिही."

लेकीचं बोट तसंच थांबलं.

"ऐकलीयस का तू ती?"

कंपनीची प्रत्येक रेकॉर्ड लेकीने लहानपणापासून झिजेस्तोवर ऐकली होती. ही एक सोडून. आईची फजिती कशाला ऐकायची, असं तिने केव्हातरी ठरवून टाकलं होतं. कुणाच्या सांगण्यावरून, हे तिला आत्ता कळत होतं.

आई बाबांकडे वळली. "आणि तुम्ही?"

"मी तिथे होतो."

बाबांचं हे ठरलेलं उत्तर. छापून आलेली रेकॉर्ड ते कधी लावतच नसत. वाजवणाऱ्याच्या समोर बसून ऐकलंय, आता त्याची सावली कशाला ऐकू, म्हणायचे. अडतीसच्या अडतीस त्यांनी स्टुडिओतच ऐकल्या होत्या. एकेकदा.

"होतात ना," आई म्हणाली. "अगदी समोर होतात."

ती कपाटाशी गेली. रेकॉर्ड काढली. वरचं पातळ प्लॅस्टिक अजून फाटलेलं नव्हतं. ते तिने अंगठ्याच्या नखाने उभं चिरलं, दुसरी बाजू वर करून सुई शेवटच्या धुनेवर टेकवली आणि आवाजाचं बटण फिरेल तेवढं फिरवलं.

"अगं, बाळ उठेल!"

"उठू दे. एकतीस वर्षं सगळ्यांना झोपू दिलं."

ड्रमचा ठेका सुरू झाला. बाळ दचकलं आणि टाहो फोडून रडायला लागलं. लेक त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण उठून दुसऱ्या खोलीत गेली नाही. सॅक्सोफोन आला. खालच्या सुरात, कसलीच घाई नसलेला. मग चढू लागला.

बाबांनी बोट वर केलं. आता. इथे.

सूर आणखी एक पायरी चढला. आणखी एक. अगदी वर जाऊन थांबला, त्याला हवं तितका वेळ थांबला, आणि मग सावकाश, एकेक पाऊल टाकत खाली आला. ठेका संपला. सुई आतल्या खाचेत खरखरत फिरत राहिली.

बाबांचं बोट वरच होतं.

"खाली घ्या ते," आई म्हणाली. "तुम्ही जेवायला गेलात, तेव्हा आम्ही परत वाजवलं."