मनवासाठी ठेवलेली सीडी

सीडी घुंघुं करत फिरली, आत दोनदा टकटक झालं आणि पडद्यावर पुन्हा तेच आलं. डिस्क वाचता येत नाही.

"काय म्हणतोय?" सरोजिनीकाकूंनी विचारलं.

"बघतो, काकू. आधी ड्राइव्ह बिघडलाय की सीडी, ते कळू दे."

दीपक लालबागचा. गिरगावातल्या या घरातला कॉम्प्युटर पहिल्यापासून तोच बघायचा. काही बिघडलेलं नसलं तरी काकूंचे यजमान अप्पा त्याला बोलवायचे, चहा पाजायचे. अप्पांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं. आजारपणात त्यांनी लेकीसाठी काहीतरी बोलून ठेवलं होतं आणि त्याची सीडी करून घेतली होती. मनवाला त्यांनी तसं फोनवर सांगितलंही होतं. पण बापाचा आवाज ऐकायचा धीर तिला वर्षभर झाला नव्हता. आता वर्षश्राद्धाला ती बंगळुरूहून यायची होती, आणि या खेपेला ऐकणार होती.

"ती एवढ्या आशेनं येणार," काकू म्हणाल्या. "चालते की नाही, ते मला आधी कळू दे."

"तुम्ही ऐकलीत का कधी?"

"तिच्यासाठी होती ना ती."

दीपकनं आरत्यांची एक सीडी घालून पाहिली. तीही अडखळली. मग त्यानं ड्राइव्ह खोलला, कापसाच्या काडीनं लेन्स हलकेच पुसली. आरती सुरळीत वाजू लागली. म्हणजे ड्राइव्ह ठीक होता. अप्पांची सीडी मात्र तशीच टकटकत राहिली.

त्यानं ती उजेडात धरली. मागची बाजू फिकी पडली होती.

"उन्हात होती का ही?"

"खिडकीत होती. त्यांच्या फोटोपाशी."

"अशा सीडीला ऊन सोसत नाही, काकू. मूळ फाइल मशीनमध्ये असेल ना?"

"हार्ड डिस्क मध्यंतरी बदलली. जुनी भंगारात गेली."

दीपकनं पिशवीतून स्वतःचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह काढला. सीडी मऊ फडक्यानं मधून कडेकडे पुसली, वेग अगदी कमी केला आणि होता होता ऐकूही येईल अशी कॉपी लावली. त्याची आई गेली तेव्हा तिचा आवाज कुठेच राहिला नव्हता. मनवाचं तसं होऊ नये, असं त्याला मनापासून वाटत होतं.

बराच वेळ काही झालं नाही. मग अचानक खरखर झाली आणि अप्पांचा थकलेला आवाज खोलीत आला.

"मनवा, बाळा... हे तुझ्या आईसमोर मला बोलता आलं नाही..."

आणि कॉपी अडकली.

काकूंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. चेहरा पांढराफटक पडला होता. दीपकनं त्यांना पाणी दिलं.

"माझ्यासमोर रडायची लाज वाटायची त्यांना," त्या हळूच म्हणाल्या. "पुढचं निघेल?"

दीपकनं पुन्हा लावून पाहिली, दुसऱ्या सॉफ्टवेअरनं पाहिली. आता तेवढंही वाचेना. शेवटी त्यानं सीडी बाहेर काढली.

"नाही, काकू. माफ करा."

"दुसऱ्या कुणाच्या मशीनवर? मोठ्या दुकानात? कुठे परदेशात पाठवली तर?"

त्यांची ती धडपड दीपकला बघवेना. "आतलं सगळं उडालंय. कुणी कितीही पैसे घेतले तरी नाही निघणार."

"नक्की?"

"नक्की."

काकू खाली बसल्या. मग म्हणाल्या, "तूच सांग रे तिला. तुझं ती ऐकेल. आणि ते चार शब्द ऐकू आले, ते नको सांगूस. अर्धवट ऐकून जन्मभर झुरत बसेल."

दीपकला ते पटलं. गॅलरीत जाऊन त्यानं फोन लावला.

"थोडंसं पण नाही, दीपकदादा?" मनवानं विचारलं.

"नाही गं. एक शब्द नाही."

पलीकडे ती हुंदके आवरत होती. "आईला सांभाळा," एवढंच ती म्हणाली.

फोन ठेवून दीपकनं डोळे पुसले. काकूंना काय बोलून धीर द्यावा, याचा विचार करत तो आत आला. त्या खुर्चीत नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात निरांजन लागलं होतं, आणि पदर खांद्यावरून घेऊन काकू देवापुढे साखर ठेवत होत्या.