हिरवा ठिपका

सुपरवायझर जयदीपने लोखंडी ब्रॅकेट कस्तुराच्या टेबलावर ठेवला आणि हात रुमालाला पुसले.

"ताई, गिऱ्हाइकाकडून परत आलाय. ट्रकखालून काढलेला. तडा गेलाय. इथूनच तडकलेला गेला की रस्त्यावर तडकला, तेवढं बघून सांगा. जेवणाच्या सुट्टीआधी रिपोर्ट पाठवायचाय."

तो केबिनकडे गेला. कस्तुराने चिंधीने ग्रीस पुसलं. खालून हिरवा ठिपका निघाला.

चाकणच्या त्या शेडमध्ये दर चेकरचा रंग वेगळा. माल तपासायचा, बरोबर असला तर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. पुढे बोंब झालीच तर कुणाच्या हातून गेला ते कळतं. कस्तुराचा पिवळा, शेजारच्या सावित्रीबाईचा लाल. हिरवा होता भिवाचा, कस्तुराच्या नवऱ्याचा. तो गेला त्याला चार वर्षं झाली. त्याचं टेबल कंपनीने तिला दिलं, पण हिरवा डबा कुणी घेतला नाही. फळीवर तसाच होता, झाकण लावलेला.

"का गं, भूत बघितल्यावानी काय बघायलीस?" सावित्रीबाईने विचारलं. बाई मूळची लातूरकडची, जिभेला हाड नाही.

"यांचा हाय," कस्तुरा म्हणाली आणि ठिपका तिच्याकडे वळवला.

सावित्रीबाईने ठिपका निरखला. मग म्हणाली, "मेल्यावरबी कामावर येतंय बघ माणूस. ओव्हरटाइमची सवय जाईना."

कस्तुरा हसली, आणि हसता हसता तिचा हात स्कार्फखाली गेला. जबड्याच्या कोपऱ्याशी लिंबाएवढी गाठ होती. काल डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढ्यात ठेवून सगळं सांगितलं होतं. तिच्या अंगातला एचआयव्ही शिरतो तो शरीराच्या पहारेकऱ्यांच्याच पोटात. चार वर्षांच्या गोळ्यांनी तो तपासणीत दिसेनासा झालाय. पण जुनी दुखणी लक्षात ठेवणारे जे पहारेकरी असतात ना, त्यांच्यात तो झोपून आहे. गोळी चालू आहे तोवर झोपेल, जाणार नाही. आणि गाठ कॅन्सरची.

"ती बाहेरून आलेली नाही, कस्तुराताई. आपलीच पेशी, बिघडलेली. अंगावर आपलीच खूण दाखवते, म्हणून पहारेकरी बघतात आणि सोडून देतात."

"म्हंजे ओके मारलेला खराब माल," कस्तुरा म्हणाली होती. लिहिता लिहिता डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं होतं.

मग त्यांनी चिठ्ठी दिली. सोमवारी केमोचं पहिलं सलाइन. सोबत एक माणूस लागेल, आणि त्या माणसाला सगळं माहीत असलेलं बरं. चिठ्ठीवर त्या माणसाच्या नावाची जागा रिकामी होती. देहूरोडला घरी सगळ्यांना भिवा टीबीने गेला एवढंच ठाऊक.

कॉम्प्रेसर सुरू झाला. त्या आवाजाच्या आडोशाने कस्तुरा बोलली. चार वाक्यं, ब्रॅकेटकडे बघत. मग चिठ्ठी टेबलावर ठेवली. सावित्रीबाईच्या हातातल्या ब्रशचा लाल थेंब टेबलावर पडला, तो तिने पुसला नाही.

"त्याच्याकडूनच आलं?"

"व्हय."

"त्याला ठाव होतं?"

"न्हाई." हे उत्तर चार वर्षं तयार होतं, वेणी घालताना आरशासमोर ती ते स्वतःलाच देत आली होती. "त्यांनाबी शेवटी शेवटीच कळलं."

जायच्या आधी दोन वर्षं भिवा वेगळ्या चटईवर झोपायला लागला होता. पाळ्यांनी झोपेचं खोबरं होतं, म्हणायचा. तिला वाटायचं, दमतो बिचारा. सावित्रीबाईला तिने हे सांगितलं नाही.

तडा बघायचा तर तुकडा मोडावाच लागतो. रस्त्यावर तडकला असेल तर आत नुसता गंज निघतो. ठिपका देतानाच तडा असेल तर रंग आत झिरपलेला असतो. यात चूक व्हायला जागा नाही. कामाच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिला भिवानेच शिकवलं होतं, घरी, चहाची तडकलेली बशी हातात धरून.

तिने ब्रॅकेट वाइसच्या पकडीत आवळला आणि हातोडी मारली.

आत गंज होता. आणि वरून खाली, नखभर, हिरवा. बाहेरचा ठिपका ग्रीसने काळवंडला होता. आतला काल दिल्यासारखा. तिने दोन्ही तुकडे परत जुळवून पाहिले. ठिपका नेमका तड्यावर बसत होता. आणि भिवाच्या बोटाला तर केसाएवढी चीरही कळायची, शेडमध्ये नाव होतं त्याचं.

सावित्रीबाईने वाकून बघितलं. हळू आवाजात म्हणाली, "थिनर हाय माझ्याकडं. पूस. गेलेल्या माणसाचं नाव कशाला कागदावर?"

कस्तुरा तुकड्यांवरून अंगठा फिरवत राहिली.

"काय निघालं, ताई?" जयदीप केबिनच्या दारात उभा होता.

"रंग आत हाय, साहेब." तिने तुकडे पुढे केले. "तडा इथलाच. माल बघून सोडलाय."

त्याने मान हलवली, तुकडे नेले.

सावित्रीबाईने न विचारता चिठ्ठी ओढून घेतली. लिहिण्याशी तिचं कधी जमलं नव्हतं. ब्रश बुडवून नावाच्या जागी तिने एक लाल ठिपका दिला आणि फुंकर घातली.

"सोमवारी किती वाजता?"

"आठ."

दीडला जेवणाचा भोंगा झाला. कस्तुरा उठली आणि फळीवरून हिरवा डबा काढला. वर बोटभर धूळ होती. एवढ्या वर्षांत दगड झाला असेल म्हणून तिने तो कानाशी नेऊन हलवला.

आत रंग डुचमळला.

तिने झाकण तळव्याने आणखी घट्ट दाबलं, डबा जागेवर ठेवला आणि दीडची गोळी आज पहिल्यांदा सावित्रीबाईच्या देखत तोंडात टाकली.