सव्वादोनचा चुडा

२०१७ सालची गोष्ट. पाटोद्याजवळच्या एका वस्तीवर, लग्नाच्या सकाळी, बांगडीवाली जरीना नवरीला, तेजश्रीला, चुडा भरायला बसली. साखरपुड्याला तिनेच माप घेतले होते, सव्वादोन. तीन महिन्यांत त्याच मापाच्या बांगड्या बोटांच्या मुळांवरून पुढे सरकेनात. दोन तडकून वाढल्या, तशा अपशकुन म्हणून भोवतालच्या बाया कुजबुजू लागल्या.

वरमाय सरस्वतीबाई समोरच सतरंजीवर बसल्या होत्या. नवरीची आई छबुबाई हसून म्हणाली, पोरगी घाबरलीय, हात ताठ धरते.

जरीनाने तेजश्रीचा तळवा दाबला. ताठ धरलेला हात आणि सुजलेला हात तिच्या बोटांना वेगळे कळत होते. बोटांची मुळे गरम होती. दुसऱ्या हाताचीही, त्याच जागी. पोरीने ओठ आवळले.

"सकाळी मूठ वळती का गं?" जरीनाने मान खाली ठेवूनच विचारले.

"घंटाभर न्हाई. ऊन पाण्यात धरावं लागतंय. भाबी, सांगू नका."

नवऱ्याकडचे ऊसतोडीला जाणारे. दिवाळीनंतर तिच्या हातात कोयता येणार होता.

मोठ्या बांगड्या काढायच्या निमित्ताने जरीना उठली आणि छबुबाईला मांडवामागे घेऊन गेली. हा सांध्यांचा वात आहे, माझ्या मावशीला असाच सुरू झाला होता, लवकर बीडला डॉक्टरला दाखव, असे तिने सांगितले. छबुबाईने तिचे मनगट घट्ट धरले.

"वऱ्हाड दारात हाय. आज तोंड उघडलंस तर पोरगी जन्मभर घरात बसंल. लगीन होऊ दे, मग मीच नेते."

जरीना परत आली. काय झालं, असे सरस्वतीबाईंनी विचारले. माप माझंच चुकलं, असे म्हणून तिने अडीचचा चुडा भरला.

छबुबाईचे नेणे राहूनच गेले. पुढच्या वर्षी ती वारली. तेजश्रीने दोन हंगाम कोयता धरला. तिसऱ्या हंगामात तो धरवेना, तेव्हा नवरा तानाजी तिला बीडला घेऊन गेला. औषधाने दुखणे कमी झाले. वाकलेली बोटे सरळ झाली नाहीत. तिची वेणी आता सरस्वतीबाई घालतात.

एका बाजाराच्या दिवशी त्या जरीनाच्या दुकानात येऊन बसल्या. हात काही पुढे केला नाही.

"तू तिचा हात धरलतास. कळलं न्हवतं तुला?"

"कळलं होतं," जरीना म्हणाली.

सरस्वतीबाईंनी मांडीवरची पिशवी उचलली.

"मला एकडाव सांगून तर बघायचं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.