तेल खाली उतरेपर्यंत

भांडुपच्या सिग्नलला गाडी थांबली आणि ऑइल प्रेशरचा काटा खाली यायला लागला. मुलुंडहून निघताना तो साठावर होता. आता तीस झाला, वीस झाला, वीसच्याही खाली घसरला. शुभाने स्टिअरिंग घट्ट धरलं.

"अहो, बघा ना. काटा पडतोय."

शेजारी बसलेल्या विद्याधरांनी मान वळवली नाही. फुटपाथवर झोपलेल्या कुत्र्याकडे ते बघत होते.

मेट्रोच्या कामासाठी लावलेल्या पत्र्यांनी रस्ता अर्धा खाल्ला होता. मागचा बाइकवाला ओरडला, "आंटी, साइड में लो ना यार!" शुभाने कशीबशी गाडी डावीकडे काढली, बंद दुकानांसमोर घेतली. पुढचं एक चाक गटाराच्या झाकणावर चढलं. तिने इंजिन बंद केलं.

दिवाळीनंतर विद्याधर तिला ओळखेनासे झाले होते. घरात दिवसभर चपला घालून दारापाशी उभे राहायचे. "मला घरी सोडा," म्हणायचे. ह्या लाल, जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बसवलं की मात्र शांत व्हायचे. गाडी त्यांचीच. लग्नानंतरचे बहुतेक रविवार त्यांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तिच्याखाली झोपून काढले होते. शुभाने कधी तिला हातसुद्धा लावला नव्हता. आता दर रविवारी तीच चालवत होती, आणि विद्याधर तिला नवी ड्रायव्हर समजून मॅडम म्हणत होते.

शुभाने बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी ओढून काढली. टोकाला जेमतेम ओल.

"वाट लागली," ती स्वतःशीच म्हणाली आणि डिकीतून तेलाचा कॅन घेऊन आली. झाकण फिरवणार, तोच तिच्या मनगटावर हात पडला.

"थांबा मॅडम! काय करताय?"

विद्याधर कधी उतरले ते तिला कळलंच नव्हतं. कितीतरी महिन्यांत त्यांनी आपणहून तिला हात लावला नव्हता.

"तेल संपलंय," ती म्हणाली.

"कोण म्हणालं? इंजिन आत्ता बंद केलंत. तेल सगळं वरच आहे अजून. खाली उतरू द्या की त्याला. आणि गाडी ही अशी तिरकी लावलीत. तिरक्या गाडीत पट्टी खोटं बोलते."

आवाज जुना होता. तोच, बारीक चिडका. फक्त त्यात 'अगं' नव्हतं.

दोघांनी मिळून गाडी मागे ढकलली आणि सपाट जागी आणली. विद्याधरांना धाप लागली. शुभाने त्यांना एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि थोडं अंतर ठेवून स्वतः बसली. फार जवळ बसलं तर ते सरकून घेत.

"किती वेळ थांबायचं?" तिने विचारलं.

"तेल खाली उतरेपर्यंत."

समोरून रिक्षा जात होत्या. एक जण गाडीचा फोटो काढून गेला.

"तुमच्या घरी कोण असतं?" विद्याधरांनी विचारलं.

"मिस्टर असतात."

"काय करतात?"

"रिटायर झालेत."

"मग तुम्ही अशा रविवारी बाहेर पडता, तेव्हा त्यांच्याजवळ कोण?"

शुभा फडक्याने हात पुसत होती. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी पुसत राहिली.

"मीच असते," ती म्हणाली.

विद्याधरांना ते नीट कळलं नसावं. पण त्यांनी सभ्यपणे मान डोलावली. "बरं करता. म्हातारपणी माणूस फार एकटं पडतं हो."

मग ते उठले. तिच्या हातातलं फडकं घेऊन पट्टी स्वच्छ पुसली, परत आत घातली, हळूच बाहेर काढली आणि तिच्यासमोर आडवी धरली. तेल वरच्या खुणेला टेकलं होतं.

"बघा. भरपूर आहे."

"मग काटा का पडला?"

प्रश्न तिने त्यांना बरं वाटावं म्हणून विचारला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. विद्याधरांचा चेहरा उजळला.

"पट्टी सांगते, तेल किती आहे. काटा सांगतो, ते किती जोरात फिरतंय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मॅडम. लोक गल्लत करतात. तापलं की तेल पातळ होतं. मग गाडी नुसती उभी राहिली की दाब उतरणारच. जरा रेस केलीत की चढतो. नाही चढला, तर मात्र घाबरायचं. चला, बसा, दाखवतो."

ती बसली. ते दाराशी वाकून उभे राहिले. इंजिन सुरू झालं. काटा वीसच्या आसपास रेंगाळला. तिने ॲक्सिलरेटर हलकेच दाबला. काटा उठला. तीस, चाळीस, पन्नास.

"चढला!" शुभा म्हणाली आणि हसली. विद्याधरही हसले, अगदी दात दिसेपर्यंत.

"किती सोपं आहे हो," ती म्हणाली.

"सोपंच आहे. आमच्या शुभाला एकदा दाखवलं पाहिजे. तिला वाटतं, मी रविवारभर नुसता लोळतो गाडीखाली."

शुभाचा पाय सुटला. काटा परत खाली आला. ह्या वेळी तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"दाखवा की," ती म्हणाली.

"दाखवतो. पुढच्या रविवारी तिला घेऊनच येतो." ते दार उघडून आत बसायला वाकले, आणि तसेच थांबले. आधी आपल्या सीटकडे बघितलं, मग तिच्या. परक्या बाईला दुखावायची वेळ यावी तसे ते ओशाळले.

"पण मॅडम, गाडीत जागा दोघांचीच आहे. तुम्हाला राग नाही ना येणार?"

"नाही," शुभा म्हणाली. "मी उतरेन."