उन्हाळ्यातला समुद्र

"मामा, आपण समुद्र पाहाले निघालो का चहा प्याले?" लोमेश ट्रकातूनच खेकसला. बल्लारशाचा बांबू काकीनाड्याले नेणारा वारलूमामा पाहुणपणाले आल्यासारखा दर टपरीवर उतरून बसे. किनाऱ्याचा रस्ता लागला अन् त्यानं कहरच केला. इथी नारळपाणी, तिथी झिंगे, पुढं सावलीत घटकाभर झोप. झाडांआड समुद्र काही दिसेना. अन् लोमेशनं त "पुस्तकात काय वाचू, डोळ्यानंच पाहून येतो" असं साऱ्या गावाले सांगून शाळा सोडली होती.

बांबू उतरवून गाडी एकदाची काठाले लागली. समोर कोसभर नुसता चिखल, त्यात कलंडलेल्या डोंग्या. लोमेशचं डोकंच फिरलं. मे महिन्यात आपली इरई नदी आटते, तसा हाही आटला!

"आता आलोच आहो त जेवू, झोपू, सांजेले निघू," मामा म्हणे.

"एक मिनिट थांबत नाई!" म्हणत त्यानं मामाले ओढतच गाडीत बसवलं.

गावात आल्यावर पानठेल्यावर तो ऐटीत सांगू लागला, "समुद्र पाहाचा असन त पावसाळ्यात जा. उन्हाळ्यात कोरडा राह्यते." साऱ्यांनी माना हलवल्या. सातवीतली रुखमा तेवढी हासली.

"कोरडा नाई दादा, ओहोटी होती थे. सांजवरी थांबला असता, त पाणी तुह्या पायाशी आलं असतं."

 

रुखमाकडं न पाहता लोमेश घाईघाईनं उठला. "मले निघा लागते आता."