मोरीतलं घुंगरू

मोरीतून घुंगराचा आवाज आला आणि खुर्चीत पेंगणारे भास्करराव सवयीने म्हणाले, "कुमुद, पुरे आता. किती घासशील!" बोलून झाल्यावर त्यांना आठवलं. कुमुद तर आषाढातच गेली होती.

आवाज ॲसिडच्या बाटलीचा होता. मुलगा रांगू लागला, तेव्हा कुमुदने आपल्या पैंजणाचं एक घुंगरू काढून त्या बाटलीच्या गळ्यात बांधलं होतं. मुलगा मोठा झाला, तरी नवी बाटली आणली की जुनीचं घुंगरू सोडून ती नवीला बांधायची.

"बाटलीला नाच शिकवतेस काय?" भास्करराव चिडवायचे.

"हसा, हसा! घरात पुन्हा पोर रांगेल, तेव्हा कळेल."

मग आता बाटली कोण हलवतंय?

ते धावले. मोरीत त्यांची नात बसली होती. सकाळी त्यांच्याकडून फळीवर ठेवायची राहिलेली बाटली तिने दोन्ही हातांनी धरली होती आणि ती झाकण दातांनी ओढत होती. त्यांनी बाटली हिसकावली. झाकण अजून घट्ट होतं.

नातीने भोकाड पसरलं. सून धावत आली. "काय झालं, बाबा?"

भास्करराव त्या काळ्या पडलेल्या घुंगराकडे बघतच राहिले. त्यांनी बाटली फळीवर ठेवली, तेव्हा ते पुन्हा एकदा वाजलं.

"तुझ्या सासूबाईंनी हाक मारली," ते म्हणाले. "मी नुसता उठून आलो."